सेल्फ बंद आहे

आमच्या जीपचा सेल्फ, म्हणजे बटन दाबून इंजिन सुरू करणारा स्टार्टर, चांगला दोन वर्षं चालू होता, आणि ही गोष्ट गावात फक्त तिघांना ठाऊक होती. बाबांना, मायला आणि मला. बाकी गावाच्या लेखी तो बंद होता आणि गाडी रोज सकाळी ढकलूनच सुरू व्हायची. मी तेव्हा मोताळ्याच्या हायस्कुलात जायला लागले होते. एवढं मोठं गुपित पोटात ठेवताना माझी काय तारांबळ उडायची ते आज सांगायला हरकत नाही, कारण ढकलणारे आणि ढकलायला लावणारे दोघंही आता राहिले नाहीत.

बाबा पलटणीत ड्रायव्हर होते. वीसेक वर्षं गाड्या चालवून आणि त्याहून जास्त वेळ गाड्यांच्या खाली पडून ते गावी परत आले, तेव्हा महाराष्ट्र होऊन चार-दोन वर्षं झाली असतील. रोहिणखेडच्या अलीकडे-पलीकडे त्या काळात विहिरींवरच्या मोटा जाऊन ऑईल इंजिनं येत होती. इंजिनं आली म्हणजे ती बिघडणार, आणि बिघडली म्हणजे बाबांना बोलावणं येणार. वांगी-मिरचीचा मळा वाळायला लागला की माणसाला जातपात बरीचशी विसरता येते, निदान विहिरीपर्यंत तरी. बाबांचा जम बसला. मग एक दिवस ते कुठल्याशा लिलावाला गेले आणि ही जीप घेऊन आले. घेऊन आले म्हणजे शेवटचे तीन कोस बैल लावून आणली.

गाडीत मूळचं किती आणि मागाहून चिकटवलेलं किती, हे बाबांनाही सांगता आलं नसतं. पेट्रोलची टाकी गळायची, तिच्या भेगेत अंगाचा साबण दाबून भरलेला असे. रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची. हळद फुगून भोक बुजवते. पुढून फिरवून इंजिन सुरू करायचं हँडल लिलावातच कुणीतरी लाटलं होतं. हॉर्न डावीकडे वळतानाच वाजायचा, त्यामुळे उजव्या वळणावर आम्ही तोंडानं ओरडायचो. ब्रेक होते, पण थांबायचं असलं तर त्यांना बरंच आधी सांगून ठेवावं लागे. माय म्हणायची, घरात हळद आणली तर गाडी पिते, साबण आणला तर गाडी लावते, आता लुगडं तेवढं नेसवायचं राहिलं आहे. तेही पुढं झालं. फाटक्या लुगड्याच्या पट्ट्यांनी आम्ही गाडीच्या नळ्या बांधायचो.

गाडी आमच्या वस्तीत यायची नाही, बोळ अरुंद. म्हणून ती गावातल्या मोकळ्या जागेत, कडुलिंबाखाली उभी असे. बरोबर समोर पाटलांचा ओटा. आता इथं थोडं सांगावं लागेल. आम्ही काही वर्षांपूर्वी बौद्ध झालो होतो. जुने देव आमच्या घरातून गेले, पण आमची जात गावाच्या डोक्यातून गेली नव्हती. चहाच्या हॉटेलात आमच्या कपबश्या वेगळ्या कोनाड्यात असत. त्या ओट्याची पायरी आमच्यापैकी कुणी चढलं नव्हतं. हे सगळं कुणी रागानं करत नसे, अगदी हसतखेळत, ख्यालीखुशाली विचारत चालायचं. मला त्याचीच जास्त चीड यायची.

सुरुवातीला सेल्फ खरोखरच बंद होता. रोज सकाळी मला शाळेत सोडायला निघताना बाबा स्टिअरिंग धरून बाजूनं ढकलायचे, मी मागून, आणि आजूबाजूला भाजीची पाटी घेऊन मोताळ्याला निघालेले बागाईतदार उभं राहून बघायचे. पायी दोन-अडीच तासांची वाट होती. चार दिवस बाबांनी हे सोसलं. पाचव्या दिवशी त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, की जो ढकलेल तो बसेल, भाडं नाही. भाडं घेतलं तर आपण चाकर झालो, हे त्यांचं पलटणीतलं गणित.

सगळ्यांच्या माना ओट्याकडे वळल्या. बसायचं तर होतं, पण आमच्या गाडीला हात लावायचा की नाही याचा निकाल पाटलांनी द्यायचा होता. पाटील सुपारी कातरत बसले होते. त्यांनी ती पूर्ण कातरली, तोंडात टाकली आणि म्हणाले, "लोखंडाले इटाळ नसते. लावा हात." झालं. सात जण पुढं आले. गाडी पन्नास पावलांत सुरू झाली, सातही जण पाट्यांसकट आमच्या मांडीला मांडी लावून बसले, आणि विटाळाचं काय करायचं हा प्रश्न मोताळा येईपर्यंत कुणी काढला नाही. पाटील स्वतः मात्र ओट्यावरून हलले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी सेल्फ खोलला. कुठल्या तरी जुन्या डायनॅमोचे कार्बन घासून घासून त्यात बसवले. भर दुपारी, कडुलिंबाखाली चिटपाखरू नसताना त्यांनी मायला आणि मला बोलावलं आणि पायाखालचं बटन दाबलं. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. मी टाळ्या वाजवणार एवढ्यात त्यांनी ते बंद केलं आणि म्हणाले, कुणाला सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात जण मागं वाकून जोर लावत होते आणि बाबा स्टिअरिंगमागं एवढे ताठ बसले होते की त्यांच्या पाठीला काही झालं असावं असं मला वाटलं. मला त्यांचा राग आला. ही फसवणूक आहे असं मी घरी येऊन म्हटलं. शाळेत शिकत होते, तत्त्वं ताजी होती. बाबांनी चिडून न जाता मला समोर बसवलं. "पोरी, रोज सकाळी सात जण माह्या गाडीले हात लावून उभे राह्यते," ते म्हणाले. "बटन दाबलं तर एक बी राह्यत नाही." माय चुलीपाशी होती. तिनं तिथूनच विचारलं, आणि पाटील? बाबा म्हणाले, त्याच्यासाठीच तर थांबलो आहे.

तेव्हापासून आमच्या घरात हा एक कार्यक्रमच झाला. पाटलांना ओट्यावरून उतरवायचं आणि गाडीमागं उभं करायचं. बाबा मुद्दाम एखादं इंजिन मागं टाकून ओझं वाढवत आणि ओट्याकडे बघून म्हणत, एक गडी कमी पडतो. पाटील घरातून आपला सालदार पाठवून देत. बाबा दुसऱ्या दिवशी आणखी ओझं टाकत. पाटील दोन सालदार पाठवत. एकदा तर बाबांनी कमाल केली, हँडब्रेक ओढून ठेवला. अकरा माणसं घामाघूम झाली, गाडी तसूभर सरकेना. आता तरी उतरतील म्हणून आम्ही श्वास रोखून बघतोय, तर पाटलांनी पानाची पिंक टाकली आणि बसल्या जागेवरून सांगितलं, "हँडब्रेक काढ बे." बाबांनी मुकाट्यानं काढला. त्या दिवशी मोताळ्यापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत आणि मी ओढणी तोंडात कोंबून बसले होते.

लोक विचारायचे, सगळ्या तालुक्याची इंजिनं तुम्ही नीट करता, मग तुमचाच सेल्फ कसा नीट होत नाही? बाबा सांगत, त्याचा पार्ट विलायतेहून येतो. दोन वर्षं तो पार्ट विलायतेहून निघालेलाच होता. "पार्ट आला काय हो?" हा आमच्या गावात रामराम-जयभीमच्या मधला एक नवीन नमस्कार झाला. माय बाबांना म्हणायची, पाटील गाडीमागं उभे राहिल्याशिवाय तुमचा पार्ट बंदरात लागत नाही.

आणि मग ती कापूस वेचणीची दुपार आली. रविवार होता. गाव रिकामं, माणसं-बाया सगळी शेतात. बाबा गाडीचा पेट्रोल पंप खोलून बसले होते. पंपाचा आतला पडदा फाटला होता आणि ते पलटणीतल्या जुन्या बरसाती कोटाचा तुकडा कापून नवा पडदा बनवत होते. मी शेजारी पुस्तक उघडं ठेवून पाने देत होते, आकड्याचे पाने, पुस्तकाचं पान काही उलटत नव्हतं. एवढ्यात पाटील ओट्यावरून धावत आले. डोक्यावर काही नाही, पायात काही नाही. मी त्यांना धावताना कधी बघितलंच नव्हतं.

त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सकाळपासून कळा चालू होत्या, आणि सुईणीनं आता हात टेकले होते. मूल आडवं आहे, माझ्या हातचं नाही, बुलढाण्याला न्या म्हणाली. पाटील एवढंच म्हणाले, गाडी काढ. बाबांनी पंपाकडे पाहिलं. तो जोडायला अर्धा तास लागला असता. त्यांनी पेट्रोलचा डबा पुढच्या काचेच्या चौकटीला बांधला, त्याला रबरी नळी लावून ती थेट कार्बोरेटरमध्ये सोडली आणि मला सांगितलं, डबा धरून उभी राहा, हलला तर सगळे रस्त्यात राहू. तोवर पाटलीणबाई आणि सुईण मुलीला धरून घेऊन आल्या. गादी टाकून तिला मागं निजवलं. तिचा आवाज ऐकून माझे हात डब्यावर घट्ट झाले.

आता ढकलायला माणूस नव्हता. पाटलांनी इकडं तिकडं पाहिलं, धोतराचा सोगा खोचला आणि गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले. दोन्ही हात पुढं केले.

मी पुढं उभी होते, मला दोघंही दिसत होते. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली तो माणूस मागं वाकून उभा होता, हात फळीपासून वीतभर लांब. बाबांनी मागं वळून बघितलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण बघितलं. एकट्या माणसाच्या जोरानं गाडी सरकली असती का, सरकली तरी लागली असती का, आणि त्या धक्क्यांनी मागं निजलेल्या पोरीचं काय झालं असतं, हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. "पाटील, मागं नका थांबू," ते म्हणाले. "पोरीजवळ बसा." आणि त्यांनी बटनावर पाय ठेवला.

इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. पाटलांचे हात तसेच पुढं राहिले. मग ते गाडीत चढले.

मोताळ्यापर्यंत ठीक होतं. राजूरच्या घाटात रेडिएटर उकळला, वाफेनं माझं तोंड भाजायची वेळ आली. बाबांनी गाडी थांबवून मायची हळदीची पुडी ओतली, पण पाणी नव्हतं. पाटलांनी मुलीसाठी आणलेली पाण्याची कळशी न बोलता बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती न बोलता रिकामी केली. त्या वेळी कुणाच्या कळशीला कुणाचा हात लागला हे कुणी पाहिलं नाही, पण अडचणीत असंच होतं. अडचणीचं मी कधी खरं धरलं नाही. अडचण सरली की दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस काय करतो ते खरं.

दिवस मावळायच्या आत बुलढाण्याच्या दवाखान्यात पाटलांना नात झाली. मायलेकी दोघी सुखरूप. माझे दोन्ही हात खांद्यापासून बधिर झाले होते आणि मी दवाखान्याच्या अंगणात गाडीला टेकून रडत होते, कशासाठी ते मलाही नीट माहीत नव्हतं. बाबा इंजिन थंड होण्याची वाट बघत होते. पाटील बाहेर आले, गाडीजवळ उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, सेल्फ कधीपासून चालू आहे? बाबांनी सांगितलं, दोन दिवाळ्या झाल्या. "मंग ढकलाले काऊन लावत होता?" त्यांनी विचारलं. बाबांनी रेडिएटरला हात लावून पाहिला आणि म्हणाले, थंड झालं, निघू आता.

गाडीत सुईण होती. ती पोटात काही ठेवणारी बाई नव्हती, त्यामुळे सकाळपर्यंत गावाला सगळं कळलं. सात जण सातपट चिडले. एक जण म्हणाला, माझी कंबर याच गाडीनं गेली. दुसऱ्यानं दोन वर्षांत आपण गाडी ढकलत किती कोस गेलो असू याचा हिशेब मांडला; तो काशीपर्यंत जात होता. त्यांचा राग खोटा नव्हता, हे मला कबूल करायला पाहिजे. बाबांनी त्यांना फसवलंच होतं. पण मला त्यातलं दुसरंही दिसत होतं, की फसवलं ते आम्ही, म्हणून राग जरा जास्त होता. त्यांनी ठरवलं, आता ढकलायचं नाही आणि बसायचंही नाही. सातही जण पाट्या डोक्यावर घेऊन पायी मोताळ्याला जायला लागले.

बाबा रोज सकाळी बटन दाबायचे. गाडी शहाण्यासारखी सुरू व्हायची आणि आम्ही दोघं रिकाम्या गाडीतून जायचो. वाटेत पायी चाललेले सात जण लागायचे. बाबा गाडी हळू करायचे, ते शेताकडे बघायचे. बाबा आता ताठ बसत नव्हते. मायनं त्यांना चिडवणं सोडून दिलं, हे मला सगळ्यात वाईट वाटलं. आमच्या घरात ती चिडवायची थांबली म्हणजे गोष्ट गंभीर असे.

असे पंधरा-वीस दिवस गेले असतील. एका सकाळी बाबांनी बटन दाबलं आणि आतून नुसतं टक् झालं. परत दाबलं, परत टक्. मागं वडनेर भोलजीच्या एका बागाईतदाराचं दुरुस्त केलेलं इंजिन लादलेलं होतं, ते त्या दिवशी पोचवायलाच हवं होतं, त्याच्या मळ्याचं पाणी तुटलं होतं. बाबा खाली उतरले, वाकून बघितलं आणि उठून सांगितलं, सेल्फ बंद पडला.

ओट्याभोवतीचे सगळे एकदम हसले. एकानं विचारलं, पार्ट विलायतेहून मागवायचा का? बाबांनी पुन्हा सांगितलं, खरंच जळला. ते आणखी हसले. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. मी त्यांना इतकं लाजलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी मला गावाचा राग आला आणि बाबांचाही तेवढाच आला, खरं बोलायची अशी पंचाईत त्यांनी स्वतःच करून ठेवली म्हणून.

माय मला डबा द्यायला आली होती. तिनं डबा गाडीत ठेवला, पदर खोचला आणि मागच्या फळीला हात लावला. मी दप्तर आत टाकलं आणि तिच्या शेजारी गेले. बाबा नको नको म्हणत होते, तिनं त्यांना एवढंच सांगितलं की तुम्ही बसा. आम्ही दोघींनी जोर लावला. गाडी हातभर पुढं गेली आणि हातभर मागं आली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. एवढी पुरुषमाणसं बघत उभी होती, पण हसणं मात्र थांबलं होतं.

तेवढ्यात ओट्याच्या पायऱ्यांवर वहाणांचा आवाज आला. पाटील खाली उतरत होते. ते आधी पुढं बाबांकडे गेले.

"खरंच बंद हाय?" त्यांनी विचारलं.

"खरंच," बाबा म्हणाले. त्यांनी वर बघितलं नाही.

पाटील गाडीला वळसा घालून मागं आले. माय जरा सरकली. तिच्या आणि माझ्या मधे ते उभे राहिले, सोगा खोचला आणि फळीवर दोन्ही तळहात ठेवले. जागा थोडी होती, त्यांचा हात अर्धा माझ्या बोटांवर पडला. मी सवयीनं हात काढून घ्यायला गेले, तर तो निघेना, त्यांनी एवढा जोर दिला होता.

"खोटं असन तरी चालते," ते बाबांना ऐकू जाईल असं म्हणाले. "टाक गिअर."

मग बाकीचे आले. कोण कुठून आलं ते मला दिसलं नाही, माझी मान खाली होती. गाडी दहा-वीस पावलांत धडधडत लागली. पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे बाबांनी थोडं पुढं जाऊन थांबायचं आणि आम्ही सगळ्यांनी चढायचं, पण ते थांबलेच नाहीत. इंजिन, माझं दप्तर, माझा डबा घेऊन ते तसेच मोताळ्याच्या रस्त्याला लागले. कुणीतरी हाक मारली. त्यांना मागं वळून आम्हाला तोंड दाखवायचं नव्हतं, एवढं मला तेव्हाही कळलं. माय, मी आणि पाटील धुळीत उभे राहिलो, आणि माझी त्या दिवशीची शाळा बुडाली.